डाळिंबावरील तेल्या: पंपाच्या आधी कात्री सांभाळा



कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न दर पावसाळ्यात हमखास असतो. पत्र मालेगावकडचे असो, सटाण्याचे असो की देवळा-कळवणचे, मजकूर जवळजवळ सारखाच. "साहेब, दर आठ दिवसांनी पंप चालू आहे. दुकानदाराने दिले ते सगळे मारले. तरी फळावर तेलकट डाग येतातच. औषध खोटे की आमचे नशीब खोटे?"

बंधूंनो, बहुतेक वेळा दोन्हीही खोटे नसते. चूक होते ती शत्रू ओळखण्यात. आपण त्याला बुरशी समजून लढतो आणि तो असतो जिवाणू. बुरशीवर चालणारी बरीच औषधे जिवाणूला लागूच पडत नाहीत. आणि जी लागू पडतात ती पानाच्या वरच्या जिवाणूला मारतात, आत शिरलेल्याला नाही. म्हणून या पत्रिकेत आपण आधी हा जिवाणू काय आहे ते समजून घेऊ आणि मग उपायाकडे वळू. कारण ज्याला रोगाची चाल कळली त्याचा निम्मा खर्च वाचतो.

जिवाणू म्हणजे काय?

जिवाणू हा एकाच पेशीचा जीव. डोळ्याला दिसत नाही. एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर ओळीने ठेवले तर पाच-सातशे सहज मावतील. सगळेच जिवाणू वाईट नसतात. दुधाचे दही करणारा जिवाणू, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत राहून हवेतील नत्र धरणारा जिवाणू, शेणखत कुजवणारा जिवाणू, हे सगळे आपले सोबतीच. पिकाला रोग करणारे त्यामानाने थोडे. पण जे आहेत ते चिवट आहेत.

त्यांची खरी ताकद वाढीच्या वेगात आहे. जिवाणूला बी लागत नाही, फूल लागत नाही. तो मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. उबदार व ओली हवा मिळाली की काही तासांतच असे होते. दोनाचे चार, चाराचे आठ. अशी दहा वेळा दुप्पट झाली की एकाचे एक हजार चोवीस होतात आणि वीस वेळा झाली की दहा लाखांच्या वर जातात. म्हणजे सोमवारी जे पान तुम्हाला स्वच्छ दिसले, त्याच पानावर पुढच्या आठवड्यात डाग का दिसतात, याचे उत्तर या हिशोबात आहे. डाग दिसतो तेव्हा रोगाची सुरुवात नसते. तेव्हा रोग चांगला मुरलेला असतो.

जिवाणूमुळे झाडाला रोग होतो ही गोष्ट जगाला फार जुनी माहीत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात टी. जे. बरिल या शास्त्रज्ञाने १८७८ च्या सुमारास नासपतीच्या करपलेल्या फांद्यांत जिवाणू पाहिले आणि तेच रोगाचे कारण आहेत असे मांडले. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात डॉ. एम. के. पटेल यांनी १९४० नंतरच्या काळात पिकांवरील जिवाणूंचा मोठा अभ्यास केला. देशातील या शास्त्राचा पाया महाराष्ट्रात घातला गेला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

तेल्या आपल्याकडे कसा पसरला?

डाळिंबाच्या या रोगाची आपल्या देशातील पहिली नोंद १९५२ साली दिल्लीची आहे. पुढे कितीतरी वर्षे तो किरकोळ रोग म्हणून पुस्तकातच राहिला. मग इकडे चित्र बदलले. आपला कसमादे पट्टा, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा, हा कमी पावसाचा. हलकी मुरमाड जमीन, कोरडी हवा आणि थोडे पाणी यांत तग धरणारे झाड म्हणून डाळिंब इथे रुजले. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने लागवडीला जोर आला, ठिबक आले, आणि गणेश, आरक्ता, मृदुला व नंतर भगवा या जातींनी खेड्यापाड्यांत पैसा आणला. डाळिंबावर घरे बांधली गेली, मुलींची लग्ने झाली, मुले शिकली.

पण बागेला बाग लागली आणि रोपे गावोगाव फिरू लागली, की रोगालाही रस्ता मिळतो. २००३ नंतरच्या काही पावसाळ्यांत तेल्याने महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात कहर केला. आपल्या भागात उभ्या बागा कुऱ्हाडीखाली गेल्या. ज्याने स्वतःच्या हाताने लावलेले झाड स्वतःच उपटले, त्याला हे दुःख वेगळे सांगायला नको. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हे केंद्र यांच्या कामातून आज आपल्याला रोगाची चाल बरीच कळली आहे. तेल्यावर एका फवारणीत रोग घालवणारे औषध आजही नाही. पण तेल्या असतानाही चांगले पीक घेणाऱ्या बागा याच पट्ट्यात आहेत. तिथे वेगळे काय घडते, तेच आता पाहायचे आहे.

ओळखावा कसा?

तेल्याचा जिवाणू झान्थोमोनस या कुळातला. लिंबाचा खैऱ्या आणि कोबीचा घाण्या करणारे जिवाणूही याच कुळातले. त्याच्या खुणा अशा:

पानावर: सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढे पाणी शोषल्यासारखे डाग. पान सूर्याकडे धरले तर डाग तेलाचा थेंब पडलेल्या कागदासारखा अर्धपारदर्शक दिसतो. पुढे डाग तपकिरी-काळा होतो, भोवती पिवळी कडा येते, आणि डाग वाढले की पान पिवळे पडून गळते.

फांदीवर: काळपट तपकिरी, खोलगट चट्टे, विशेषतः पेऱ्यांच्या जागी. चट्टा फांदीभोवती फिरला की फांदी तेथून मोडते किंवा वाळते.

फळावर: गडद तेलकट डाग. डाग वाढला की त्यावर चीर पडते. ही चीर बहुतेक वेळा काटकोनासारखी किंवा बेचक्यासारखी, तीन फाट्यांची असते. पुढे फळ उकलते. अशा फळाला बाजार नाही.

इथे दोन गोंधळ टाळा. बुरशीचा डागही काळा असतो, पण तो कोरडा असतो, तेलकट झाक व तशी चीर त्याला नसते. दुसरे म्हणजे, संपूर्ण झाड पिवळे पडून वाळले तर तो तेल्या नव्हे, तो मर रोग. त्याचे कारण व उपाय निराळे. शंका आली तर डाग पडलेली ताजी पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. उघड्या हाताने गावभर फिरवू नका.

जिवाणू शिरतो कुठून?

जिवाणूला पाय नाहीत, पंख नाहीत. बुरशीसारखे पानाची साल भेदून आत जाण्याचे अवजारही त्याच्याकडे नाही. त्याला उघडे दार लागते. पानाला श्वास घेण्यासाठी असलेली बारीक छिद्रे हे एक दार. जखम हे दुसरे. डाळिंबाला काटे असतात. वारा सुटला की काटा पानाला आणि फळाला ओरखडतो. गारा पडल्या की साल फुटते. किडीने भोक पाडले, कात्रीने काप घेतला, तरी दार उघडतेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट आठवा. अशा वेळी फळ पडल्याचे नुकसान डोळ्याला दिसते. जखमांतून पुढे येणारा रोग मात्र नंतर दिसतो.

आणि त्याचे वाहन म्हणजे पाणी. पावसाचा थेंब रोगट पानावर आदळतो, फुटतो आणि त्याचे तुषार शेजारच्या झाडावर जातात. वाऱ्यासह पाऊस असेल तर हेच तुषार दूरवर जातात. उष्णता तीस अंशांच्या आसपास, ढगाळ हवा, ओलसरपणा आणि पावसाची झड, हा तेल्याचा सणच समजा. उलट कोरड्या थंड हवेत तो दबून राहतो. मरत नाही, दबून राहतो. फांदीवरच्या चट्ट्यात, डोळ्यांत, झाडाखाली पडलेल्या पाना-फळांत तो पुढच्या पावसाची वाट पाहत बसतो.

बागेतून बागेत आणि गावातून गावात मात्र त्याला नेतो तो माणूस. कसा, ते सांगतो.

एक बाग मी पाहिली होती, बागलाण तालुक्यात. शेतकरी मेहनती. फवारण्यांची वही लिहिलेली, एकही पाळी चुकलेली नव्हती. तरी ओळीच्या ओळी तेल्याने भरलेल्या. मी पाने पाहत होतो, पण रोग ओळीने कसा पसरला हे कळेना. शेवटी त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "छाटणीची टोळी आली होती ना, ती इथूनच तर सुरू झाली आणि तिकडे संपली." रोग टोळीच्या वाटेने गेला होता. ती टोळी आदल्या दिवशी दुसऱ्या गावच्या रोगट बागेत काम करून आली होती. कात्री तीच.

माझीही चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी सकाळी एका रोगट बागेत चाकूने फांद्या कापून पाहिल्या आणि दुपारी तोच चाकू खिशातून काढून दुसऱ्या निरोगी बागेत फांदी कापायला गेलो. त्या शेतकऱ्याने माझा हात धरला. "साहेब, आधी तो धुवा." त्या दिवसापासून माझ्या पिशवीत धुण्याच्या औषधाची बाटली असते.

दुसऱ्या देशांचा अनुभव

लिंबूवर्गीय झाडांवरचा खैऱ्या हा तेल्याचा भाऊबंद. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो १९१० च्या सुमारास जपानहून आलेल्या रोपांबरोबर शिरला. फ्लोरिडात तो संपवायला हजारो-लाखो झाडे जाळावी लागली आणि १९३३ पर्यंत तो तेथून हटवल्याचे जाहीर झाले. १९९५ मध्ये तो पुन्हा सापडला. पुन्हा झाडे तोडणे सुरू झाले. पण २००४ व २००५ च्या चक्रीवादळांनी पावसाच्या तुषारांबरोबर रोग इतका पसरवला, की २००६ मध्ये निर्मूलनाचा नाद सोडावा लागला. यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. रोग बागेत येतो तो रोपाबरोबर, आणि पसरतो तो वाऱ्या-पावसाबरोबर. पाऊस आपल्या हाती नाही. रोप, कात्री आणि बहार मात्र आपल्या हाती आहेत.

बहाराचा विचार आधी करा

डाळिंबाला तीन बहार. आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि फळ पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात तयार होते. मृग बहाराला जून-जुलैत फूल, म्हणजे कोवळी पालवी, फूल आणि लहान फळ थेट पावसात. हस्त बहाराला सप्टेंबर-ऑक्टोबरात फूल आणि फळ हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वाढून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढणीस येते.

आता तेल्याचा सण कधी असतो ते आठवा आणि तुम्हीच ठरवा. ज्या बागेत तेल्याचे वास्तव्य आहे, तिथे मृग बहार धरणे म्हणजे पावसाच्या दारात बाळ ठेवणे आहे. अशा बागेत हस्त बहार सर्वांत सुरक्षित.

पण हे सांगताना अडचणही सांगितली पाहिजे. हस्त बहारासाठी पावसाळा सरता सरता बागेला ताण बसला पाहिजे. हलक्या जमिनीत तो बसतो. भारी काळ्या जमिनीत, किंवा सप्टेंबरात पाऊस लांबला तर, बसत नाही आणि फूल कमी निघते. दुसरे म्हणजे फळ पोसायचे महिने ऑक्टोबर ते मार्च. त्या काळात आपल्या विहिरी खाली जाऊ लागतात. ज्याच्याकडे शेततळे किंवा हमखास पाणी नाही, त्याने हस्त बहार धरताना झाडावर फळे मोजकीच ठेवावीत. ज्याला हस्त जमतच नाही, त्याने आंबे बहार लवकर धरावा, म्हणजे जास्तीत जास्त फळ जोराच्या पावसाआधी उतरेल. कोणताही बहार धरा, पण वर्षातून एकच. काढणीनंतर झाडाला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. थकलेले झाड रोगाला आधी बळी पडते.

उपाय क्रमाने

१. रोप. गुटी कलम तेल्या नसलेल्या बागेतूनच घ्या. रोपवाटिकेतील रोप घेताना आजूबाजूची मातृझाडे पाहा. पानावर एक जरी तेलकट डाग दिसला तरी ती सगळी खेप नाकारा. आज दहा रुपये वाचवाल आणि पुढे दहा वर्षे भोगाल. भगवा असो की गणेश, लागवडीत असलेली कोणतीही जात तेल्याला दाद न देणारी नाही. "ही जात तेल्यामुक्त आहे" असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

२. अंतर व हवा. लागवड साडेचार बाय तीन मीटरपेक्षा दाट नको. झाडाला तीन-चार खोडे ठेवा, तळातील फुटवे काढा. झाडाच्या मधोमध ऊन शिरले पाहिजे. दाटीच्या बागेत पान उशिरा वाळते आणि ओले पान हेच जिवाणूचे दार. वाऱ्याच्या दिशेला शेवरीसारखी ओळ लावली तर काट्यांचे ओरखडे कमी होतात.

३. छाटणी. ढगाळ किंवा पावसाळी दिवशी छाटणी करू नका. चट्टा पडलेली फांदी चट्ट्याच्या खाली दोन इंच निरोगी भाग घेऊन कापा. खोडावरील चट्टा चाकूने खरवडून त्यावर १० टक्के बोर्डो मलम लावा. प्रत्येक कापावर त्याच दिवशी मलम लागले पाहिजे.

४. कात्री. प्रत्येक झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवा. "एवढा वेळ कुठे?" असे मजूर म्हणतील. त्यावर सोपा तोडगा: माणशी दोन कात्र्या द्या. एक भिजत राहते, दुसरी चालते. संध्याकाळी कात्र्या साध्या पाण्याने धुऊन तेल लावा, नाहीतर गंजतील. बाहेरून टोळी आली तर तिच्या कात्र्या बांधावरच बुडवून घ्या, मगच बागेत पाऊल. यात कोणाचा अपमान नाही.

५. सफाई. गळालेली पाने, छाटलेल्या फांद्या, डागाळलेली फळे गोळा करून बागेबाहेर जाळा किंवा खोल पुरा. बांधावर टाकू नका, ओढ्यात तर मुळीच नाही. ओढा खालच्या शेतकऱ्याच्या बागेतूनच जातो. सफाईनंतर झाडाखालच्या जमिनीवर हेक्टरी २० ते २५ किलो ब्लिचिंग पावडर धुरळा. ती खतात मिसळू नका आणि धुरळताना नाका-तोंडाला फडके बांधा.

६. ओल्या बागेत काम नको. दव किंवा पाऊस पानावर असताना फळे विरळणे, फुटवे काढणे, नुसते फिरणेसुद्धा टाळा. आपले ओले कपडे हेही वाहनच. रोगट झाडांची ओळ नेहमी शेवटी करा.

७. खत. नत्र बेताने द्या. युरियाचा मारा केला की पालवी लुसलुशीत येते आणि ती तेल्याला आवडते. शेणखत, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये माती परीक्षणाप्रमाणे द्या.

८. फवारणी. ती आठव्या क्रमांकावर आहे, हे ध्यानात घ्या. ताम्रयुक्त औषध हे पानावरचे कवच आहे. ते येणाऱ्या जिवाणूला अडवते, आत गेलेल्याला नाही. म्हणून ते पावसाआधी अंगावर असले पाहिजे. छाटणी व पानगळीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण. विश्रांतीच्या काळात, म्हणजे झाडावर फळ नसतानाही, पावसाळ्यात उघडीप पाहून फवारणी चालू ठेवा, कारण पुढच्या बहाराचे डोळे त्याच फांद्यांवर आहेत. पीक उभे असताना बोर्डो अर्ध्या टक्क्यापेक्षा तीव्र नको. फूल भरात असताना टाळा. काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते औषधाच्या डब्यावर वाचा आणि पाळा. बाकी औषधे व प्रमाण कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच.

बोर्डो मिश्रण घरी करताना

द्राक्षाच्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. फ्रान्समध्ये बोर्डो भागातील द्राक्षमळ्यांत १८८५ च्या सुमारास मिलार्डे या शास्त्रज्ञाने ते प्रचारात आणले आणि गावाचेच नाव औषधाला मिळाले. तरीही बनवताना चुका होतात, म्हणून पुन्हा सांगतो.

१०० लिटर १ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो चांगला कळीचा चुना घ्या. मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवा. चुना आधी थोड्या पाण्यात विरवून, गाळून, ५० लिटर करा. भांडी प्लॅस्टिकची, लाकडी किंवा मातीची. लोखंडी मुळीच नको. दोन्ही द्रावणे तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओता आणि काठीने ढवळत राहा. उलटसुलट करू नका. मग लोखंडी चाकूचे स्वच्छ पाते मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिला आहे. अशाने पाने करपतील. आणखी चुन्याची निवळी घालून पुन्हा पाहा. मिश्रण त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्याची धार जाते. दुसरे कोणतेही औषध त्यात मिसळू नका. १० टक्के मलमासाठी हेच प्रमाण, फक्त पाणी एकूण १० लिटर.

प्रतिजैविकाच्या पुडीबद्दल

हा विषय टाळता येणार नाही. तेल्या आला की पंपात स्ट्रेप्टोमायसिनची पुडी टाकायची, ही आपल्याकडे सवय झाली होती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले. क्षयावरचे ते पहिले परिणामकारक औषध. त्याने लाखो माणसे वाचवली. पण हेच औषध वारंवार बागेवर मारले की लाखातला एखादा चिवट जिवाणू वाचतो आणि वर सांगितलेल्या दुपटीच्या हिशोबाने त्याचीच फौज तयार होते. मग औषध पाण्यासारखे निष्फळ. कॅलिफोर्नियात नासपतीच्या बागांवर असे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसून आले. आणि धोका बागेपुरता नाही. औषधाला न जुमानणारे जिवाणू माती, पाणी आणि माणसापर्यंत पोचू शकतात. उद्या आपल्याच घरातील माणसाच्या दवाखान्यात तेच औषध निकामी ठरले तर? केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर बंद करण्याचा मसुदा जाहीर केला तो याच कारणाने. निर्यातीच्या मालात तर याचा अंश सापडला की सगळी खेप अडचणीत येते. म्हणून या पत्रिकेत आम्ही त्याची शिफारस करीत नाही. दुकानदाराने पुडी पुढे केली तर नको म्हणा.

दुसऱ्या पिकांतही हाच नियम

टोमॅटो किंवा वांग्याचे हिरवे झाड एकाएकी मान टाकते, तेव्हा घरच्या घरी एक परीक्षा करा. खोडाचा दोन-तीन इंचाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात कापलेली बाजू खाली करून धरा. काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरू लागले तर ती जिवाणूची मर. असे झाड उपटून नष्ट करा, त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा पुन्हा लगेच घेऊ नका, मका किंवा ज्वारी घ्या. कोबी-फ्लॉवरच्या पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग आला तर तो घाण्या. तो बियाण्यातून येतो, म्हणून बी खात्रीचे घ्या. लिंबावर उंचवट्याचे खरबरीत खैरे डाग दिसले तर तो खैऱ्या. तिथेही छाटणी, सफाई आणि बोर्डो. पीक कोणतेही असो, जिवाणूच्या रोगाला औषधाआधी स्वच्छता.

शेवटी

बंधूंनो, तेल्या एकट्याने हटत नाही. तुम्ही बाग साफ ठेवली आणि बांधापलीकडची बाग रोगट सोडून दिलेली असली, तर पहिल्या वादळी पावसात तुमची मेहनत वाया जाईल. म्हणून सोडून दिलेल्या बागेच्या मालकाला भेटा. गरज पडली तर चार जणांनी मिळून ती साफ करून द्या. शिवारातल्या सगळ्यांनी एकच बहार धरला, एकाच आठवड्यात छाटणी केली आणि गावात येणाऱ्या टोळ्यांसाठी कात्री धुण्याचा नियम केला, तर जिवाणूला एका बागेतून दुसरीत जायला जागा उरत नाही. ग्रामसभेत हा विषय घ्या.

आज संध्याकाळी एवढेच करा. घरातली छाटणीची कात्री काढा, तिच्या सांध्यात जुना चीक अडकला आहे का पाहा, ती धुऊन हायपोक्लोराईटमध्ये बुडवा आणि मग तेल लावून ठेवा. दुसरी कात्री नसेल तर बाजाराच्या दिवशी आणा. तिची किंमत औषधाच्या एका फवारणीहून कमी आहे.

तुमच्या बागेचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. कोणता बहार धरला, जमीन कशी, पाणी किती, आणि तेल्या कोणत्या ओळीपासून सुरू झाला, हे पत्रात लिहायला विसरू नका. त्यावरूनच पुढच्या कार्यक्रमात नेमके उत्तर देता येईल. नमस्कार.